ड्रायर कुठला घ्यावा? आधी पाणी कुठे जाणार ते ठरवा

डोंबिवलीहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके फ्लॅट. घरात नवरा, सासू-सासरे आणि सात महिन्यांचं बाळ. बाल्कनी आधीच्या मालकाने स्लायडिंग खिडक्या लावून बंद करून घेतलेली, तिथेच टॉप लोड वॉशिंग मशीन. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून बेडरूममध्ये दोऱ्या बांधून रात्रभर पंख्याखाली घालावे लागतात. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद. गेल्या वर्षी कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरली आणि सासऱ्यांचा दमा उसळला. यंदा ड्रायर घ्यायचाच, हे तिने ठरवलं आहे. पण कुठला, यावर घरात चार मतं आहेत. जर्मनीतली नणंद म्हणते, हीट पंपाचाच घ्या, बाकीचे नुसती वीज खातात. नवऱ्याचं म्हणणं, नळीने हवा बाहेर सोडणारा साधा ड्रायर स्वस्तात मिळतो, तो पुरे. दुकानदार सांगतो, जुनं मशीन द्या आणि धुणं-वाळवणं एकातच करणारं घेऊन जा. आणि सासूबाई म्हणतात, "आपल्या जुन्या मशीनला ड्रायर होता की! तेव्हा कुठे अडलं होतं?" पत्राच्या शेवटी प्रश्न आहे: 'ताई, या चौघांत बरोबर कोण?'

प्रिय मैत्रीण,

सुरुवात सासूबाईंपासून करते, कारण त्यांचं बोलणं तुम्ही पत्रात थोडं हसून लिहिलंय आणि त्यात तथ्य आहे.

आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबला सर्रास 'ड्रायर' म्हणतात. खरं तर ती पिळणी. गरम हवेचा तिथे संबंध नाही, कपडा गरगर फिरवून पाणी भोकांतून बाहेर फेकायचं, एवढंच तिचं काम. पण ते काम ती फार चोख करायची. तो छोटा टब मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घ्यायचा. तुमचं टॉप लोड सातशेच्या आसपास घेत असेल. टब मोठा असला तरी हिशेब केला तर कपड्याला बसणारा जोर जुन्या पिळणीतच जास्त. म्हणजे सासूबाईंच्या मशीनमधून कपडे खरोखरच कोरडे निघत होते. नवं मशीन आलं, धुण्याचा त्रास गेला आणि कपडे जास्त ओले निघायला लागले. हे त्यांच्या हातांना कळलेलं आहे, फक्त त्या ते ड्रायरच्या भाषेत सांगताहेत.

म्हणून पैसे मोजण्याआधी एक फुकटची गोष्ट करा. धुणं संपलं की कपडे मोकळे करून, टबात सगळीकडे सारखे पसरून, पुन्हा एकदा नुसतं 'स्पिन' लावा. जीन्स आणि टॉवेल एका बाजूला गोळा झाले की मशीन तोल सांभाळायला वेग कमी करतं आणि पाणी तसंच राहतं. पुढेमागे मशीन बदलायची वेळ आली तर हजार-बाराशे फेऱ्यांचं फ्रंट लोड बघा. पाणी फिरवून काढायला लागणारी वीज ही तेच पाणी उष्णतेने उडवायला लागणाऱ्या विजेपुढे काहीच नाही. एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळजवळ दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता लागतेच. त्यात कुठल्याही कंपनीला सूट नाही.

आता तुमच्या बेडरूमकडे येते. पंखा लावला की कपडे वाळतात, असं आपण धरून चालतो. ऊन नसलं तरी वारा आहे ना? पण पंखा काही कोरडी हवा तयार करत नाही, असलेलीच हवा फिरवतो. जुलैत आपल्याकडे तापमान अठ्ठावीस अंशांच्या आसपास आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात. अठ्ठावीस अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सत्तावीस ग्रॅम वाफ मावते. नव्वद टक्के म्हणजे त्यातले चोवीस-पंचवीस ग्रॅम आधीच भरलेले. जागा उरली फार तर तीन ग्रॅमची. दहा बाय बाराच्या खोलीत साधारण तीस घनमीटर हवा असते. म्हणजे खिडक्या बंद केल्या तर ती सगळी हवा मिळून नव्वद ग्रॅम पाणी पिणार, जेमतेम अर्धी-पाऊण वाटी. तुम्ही त्या खोलीत टांगता चार किलो कपडे. टॉप लोडमधून निघाले तर त्यांच्यात तीन लिटरच्या आसपास पाणी असतं.

अर्धी वाटी हवेने घेतली. बाकीचं पाणी कुठे गेलं? थोडं फटींतून बाहेर. उरलेलं गादीत, पुस्तकांत, कपाटामागच्या गार भिंतीत. सकाळी कपडे कुबट आणि सर्द लागतात ते त्यामुळे, डब्यातले पापड सादळतात ते त्यामुळे, आणि ती बुरशीसुद्धा त्यामुळेच. घरातली ओल आणि बुरशी दम्याला वाईट, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असेलच. तेव्हा यंदा ड्रायर आला, न आला, सासरे झोपतात त्या खोलीत ओला कपडा टांगणं आजपासून बंद. टांगायचेच असतील तर दुसऱ्या खोलीत टांगा आणि पाऊस असला तरी खिडकी चार बोटं उघडी ठेवा. फरशीवर थोडं पाणी आलं तर पुसता येतं. भिंतीत मुरलेलं पुसता येत नाही.

हा हिशेब एवढ्यासाठी मांडला की ड्रायर म्हणजे काय ते त्यातून आपोआप कळतं. तीच जुलैची हवा साठ अंशांपर्यंत तापवली की घनमीटरमागे एकशे तीस ग्रॅम वाफ धरू शकते. कुठे तीन ग्रॅम आणि कुठे शंभर! पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट-दुपटी टाकायचे, त्यामागे हेच शास्त्र होतं. सगळे ड्रायर इथपर्यंत सारखेच. हवा तापवायची, फिरत्या कपड्यांतून सोडायची, तिने पाणी उचललं की ती पुढे काढायची. फरक पडतो तो यानंतर. उचललेलं पाणी आणि वापरलेली उष्णता कोण कुठे नेऊन टाकतं, एवढ्यावरच हे प्रकार वेगळे झाले आहेत. तेव्हा दुकानात गेल्यावर किलो, प्रोग्रॅम आणि मोबाइलवरून चालतो का हे विचारण्याआधी "यातलं पाणी कुठे जातं?" एवढंच विचारा. उत्तर नीट देता आलं नाही तर तो विक्रेता कालच टीव्ही विभागातून इकडे आलाय असं समजा.

तुमच्या नवऱ्याने सुचवलेला साधा, म्हणजे व्हेंटेड ड्रायर. हा वाफेने भरलेली हवा चार इंची नळीतून सरळ बाहेर फेकतो. उष्णताही गेली, पाणीही गेलं. यंत्र साधं, किंमत सगळ्यात कमी, बिघडण्यासारखं आत फारसं काही नाही. चार किलो कपडे साधारण दीड तासात होतात. अट एकच, नळी खरोखर घराबाहेर गेली पाहिजे. अनेक घरांत सुरुवातीला हौसेने नळी बाहेर काढतात आणि मग 'आत्ता जरा वेळ' म्हणून ती बाल्कनीतच सोडून देतात. तसं केलंत तर तीन लिटर पाणी दीड तासात बाल्कनीच्या भिंतींवर जमणार, म्हणजे बेडरूमचं दुखणं बाल्कनीत. स्लायडिंगच्या एका काचेच्या जागी ॲक्रिलिकचा पत्रा बसवून त्याला गोल भोक पाडून घ्या, काम काचवालाच करतो. नळी आखूड आणि शक्य तितकी सरळ हवी, कारण वळणावर लव साठते. बाहेरच्या तोंडाला झडप हवीच, एक पावसासाठी आणि दुसरं कबुतरांसाठी. आपल्या भागातलं कबूतर उबदार भोक मोकळं सोडत नाही. नळीचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे किंवा सोसायटीच्या डक्टमध्ये काढू नका, नाहीतर पुढच्या मीटिंगचा पहिला विषय तुम्हीच. आणि हा ड्रायर जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी आत ओढतोही, म्हणून चालू असताना बाल्कनीचं दार थोडं उघडं ठेवा. ओढलेली हवा दमट असली तरी चालते, वरचा साठ अंशांचा हिशेब आठवा.

दुसरा कंडेन्सर ड्रायर. यावर मी जरा कडवट बोलेन, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः तो घेतला होता. नळी नको, भोक नको, पाणी आतल्या टाकीत जमा होतं, हे ऐकून मी हुरळले. यात गरम ओली हवा खोलीतल्या हवेच्या गारव्यावर थंड करून तिचं पाणी काढतात. म्हणजे पाणी टाकीत जातं खरं, पण उष्णता जाते कुठे? तुमच्याच खोलीत. आमच्या न्हाणीघराशेजारच्या चिंचोळ्या जागेत ते यंत्र तासभर चाललं की तिथे भट्टी व्हायची. खोली तापली की तिच्या हवेवर वाफ नीट थंड होत नाही, म्हणून यंत्र आणखी वेळ चालायचं आणि खोली आणखी तापायची. थोडी वाफ गळून बाहेर यायची ती वेगळीच. वीजही साध्या ड्रायरपेक्षा कमी लागत नाही. गार हवेच्या देशातल्या तळघरात हे यंत्र शोभतं, आपल्या दमट किनारपट्टीवरच्या छोट्या खोलीत नाही. दुकानात 'कंडेन्सर' आणि 'हीट पंप' हे शब्द एकाच दमात उच्चारले जातात, कारण टाकी दोन्हींत असते. त्या घोळात फसू नका. कागदावर हीट पंप असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा.

आता नणंदबाईंचा हीट पंप. हे आपल्या फ्रिजचंच भावंड. आत कॉम्प्रेसर असतो. एका जाळीवर ओली हवा गार होऊन तिचं पाणी टाकीत गळतं आणि तिथे काढून घेतलेली उष्णता दुसऱ्या जाळीवर पोहोचून तीच हवा पुन्हा तापवते. एकदा आत शिरलेली उष्णता पुन्हा पुन्हा वापरायची, बाहेर फारशी सोडायचीच नाही. म्हणून वीज साधारण निम्मी लागते, खोली फारशी तापत नाही, आणि हवा पन्नास अंशांच्या आसपासच तापत असल्यामुळे कपड्यांवर मायाही जास्त. वेळ मात्र लागतो, दीड तासाच्या जागी दोन-अडीच तास. किंमत सगळ्यात जास्त. यंत्र आणताना आडवं केलं गेलं असेल तर फ्रिजसारखंच काही तास उभं ठेवून मगच चालू करायचं. टाकीतलं पाणी झाडांना किंवा फरशी पुसायला वापरा. ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायची कल्पना कोणीतरी सुचवेलच. घालू नका, त्यात लव आणि साबणाचा अंश असतो.

नणंदबाई चूक नाहीत. त्या राहतात तिथे वारं त्याच दिशेने वाहतंय. स्वित्झर्लंडने २०१२ पासूनच जास्त वीज खाणाऱ्या ड्रायरना बाजाराचं दार बंद केलं, आणि युरोपीय संघाचे १ जुलै २०२५ पासून लागू झालेले नियमही असे आहेत की तिथे नवा ड्रायर म्हणजे हीट पंपच. पण तिकडे ड्रायर बारा महिने फिरतो. तुमच्याकडे? मृगापासून हस्तापर्यंत धरा, त्यातले शंभरेक दिवस. दिवाळीनंतर आपल्या बाल्कनीत सकाळी टाकलेला टॉवेल दुपारी कडक वाळतो, तेव्हा ड्रायर लावणारा माणूस विरळा.

हिशेब करून बघू. रोज चार किलो कपडे, तीन लिटर पाणी. साध्या ड्रायरला अडीच-तीन युनिट लागतील, हीट पंपाला त्याच्या निम्मे. रोजची बचत दीड युनिट म्हटलं तर पावसाळ्यात दीडशे. हिशेबाला सोपं म्हणून दहा रुपये युनिट धरलं तर वर्षाला पंधराशे रुपये वाचले. आता दुकानात दोघांच्या किमती विचारा. फरक समजा तीस हजार निघाला, तर तो वसूल व्हायला वीस वर्षं. तोवर तुमचं बाळ नोकरीला लागेल. महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटांच्या पुढे चढतो, त्यामुळे तुमचं बिल आधीच उंबरठ्यावर असेल तर बचत याहून थोडी जास्त निघेल. ते जुलैचं बिल हातात घेऊन तुम्हीच पाहा. पण 'वीज वाचते म्हणून हीट पंप' हे कारण डोंबिवलीत एकट्याने उभं राहत नाही. जर्मनीतलं बरोबर उत्तर इथे उचलून आणताना प्रश्नही बदलला आहे, हे बघायला हवं.

हीट पंपाच्या बाजूने दोन कारणं मात्र खरोखर भक्कम आहेत आणि ती नणंदबाईंनी सांगितलेली नाहीत. पहिलं, नळीसाठी बाहेरची भिंत किंवा खिडकी लागत नाही. दुसरं, साधा ड्रायर गीझरसारखा दोन ते अडीच हजार वॅट ओढतो, हीट पंप बहुधा हजाराच्या आत राहतो. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी हा फरक मोठा.

दुकानदाराच्या सल्ल्यावर फार वेळ घालवत नाही. धुणं आणि वाळवणं एकातच करणाऱ्या मशीनवर आठ किलो लिहिलेलं असतं ते धुण्याचं. वाळवण्याचा आकडा शेजारी बारीक अक्षरात, पाचच्या आसपास. म्हणजे धुतलेल्यातले तीनेक किलो कपडे बाहेर काढा आणि मग उरलेले वाळवा. एक खेप धुऊन-वाळवून निघायला पाच-सहा तास, तेवढ्यात दुसरी खेप लावता येत नाही. बऱ्याच मॉडेलांत वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात, म्हणजे कपडे वाळवायलाही पाणी! आणि बिघडलं तर धुणंही थांबलं. एकट्या-दुकट्या माणसाला, जिथे दुसरं यंत्र ठेवायला वीतभर जागा नाही, तिथे ठीक आहे. बाळाचं घर असेल तर नाही.

तुम्ही न विचारलेला एक पर्याय सांगते, आणि तुमच्यासारख्या अनेकींना तोच पुरेल असं मला वाटतं. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून टाकीत जमा करणारं छोटं यंत्र. तत्त्व हीट पंपाचंच, फक्त पिंपाऐवजी सगळी खोली हाच ड्रायर. एका छोट्या खोलीत स्टँडवर कपडे मोकळे टांगायचे, दारं-खिडक्या बंद करायच्या, हो, इथे मात्र बंद, आणि पंख्याबरोबर हे यंत्र रात्रभर चालवायचं. अडीचशे-तीनशे वॅटचं यंत्र सात-आठ तास म्हणजे दोन-सव्वादोन युनिट. कपडे आपटत नाहीत, आटत नाहीत. साड्या, लोकरीचं, इलॅस्टिकचं सगळं चालतं. दिवसा तेच यंत्र कपाटं आणि पुस्तकं असलेल्या खोलीत ठेवता येतं. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांना हेच काम तो थोडं महाग करून देतो; पावसाळ्यात त्याच्या बाहेरच्या नळीखाली बादली ठेवून बघा, किती पाणी निघतं ते. उणीव ही की एक खोली रात्रभर कपड्यांना द्यावी लागते. टू बीएचकेत पाच माणसं असताना ती कुठून आणायची, हा प्रश्न मला दिसतो आहे.

तर आता तुमचं घर. खिडकीची बाल्कनी आहे, धुण्याचं मशीन तिथेच आहे, वापर शंभर दिवसांचा आहे, माणसं पाच. तुमच्या जागी मी असते तर नवऱ्याचं ऐकलं असतं, साधा व्हेंटेड ड्रायर, नळी काचेतून बाहेर. पण एका अटीवर. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा आणि बाल्कनीत सोळा अँपिअरचा पॉइंट, जाड वायर आणि खरं अर्थिंग आहे की नाही ते तपासून घ्या. मागून बंद करून घेतलेल्या बाल्कनीत बहुतेक वेळा ट्यूबलाइटच्या पॉइंटवरूनच पुढे वायर ओढलेली असते. तिथे दोन हजार वॅट लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. एक्स्टेन्शन बोर्डवर तर ड्रायर कधीच नको. बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो तोही बघा. गीझर, एसी आणि ड्रायर एकाच वेळी चालणार असतील तर तो वाढवून घ्यावा लागेल. स्वतंत्र वायर ओढणं शक्यच नसेल, किंवा नळी बाहेर काढायला सोसायटी नाही म्हणत असेल, तर मग हीट पंप, आणि ते जास्तीचे पैसे विजेच्या बचतीसाठी नाही, तर या दोन अडचणी टाळण्यासाठी दिले असं समजा. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, रोज चादरी निघतात, किंवा घराला ऊनच येत नाही, त्यांनी मात्र बारमाही वापर धरून थेट हीट पंपाकडे जावं. त्यांचा हिशेब नणंदबाईंसारखाच निघेल.

जागा मोजताना एक चूक हमखास होते. मशीनवर ड्रायर चढवलेले फोटो बघून आपणही तसंच धरून चालतो, पण ते फ्रंट लोडवर. टॉप लोडचं झाकण वर उघडतं, त्यावर काही चढवता येत नाही. लहान व्हेंटेड ड्रायर भिंतीवर किंवा मजबूत स्टँडवर बसतो, पण बाल्कनीची भिंत विटांची आहे की नुसत्या पत्र्याची ते आधी ठोकून बघा. मोठ्या ड्रायरचं माप साधारण साठ सेंटिमीटर रुंद, तेवढाच खोल आणि पंच्याऐंशी उंच असतं. बाल्कनीच्या दाराचं माप घेऊनच दुकानात जा. आणि निवड करताना ठरावीक मिनिटांवर चालणाऱ्यापेक्षा कपड्यातली ओल ओळखून थांबणारा घ्या. वेळेवर चालणारा ड्रायर कोरडे झालेले कपडेही भाजत बसतो.

बाळाच्या कपड्यांबद्दल तुम्ही काळजीने लिहिलं आहे. लंगोट, दुपटी, झबली, सुती सगळं ड्रायरमध्ये छान वाळतं, टॉवेल तर मऊ फुगून येतात. थोडं आटतं, म्हणून झबली एक माप मोठी घ्या. पण दोन गोष्टी कटाक्षाने बाहेर ठेवा. एक म्हणजे बाळाखाली घालायचं रबरी कापड, आणि रबर, फोम किंवा प्लास्टिकचा थर असलेलं काहीही. दुसरी, तेल मुरलेली फडकी. मालिशीच्या वेळी अंथरलेलं दुपटं, स्वयंपाकघरातलं तेलकट फडकं. एका धुण्यात तेल पुरतं निघत नाही; गरम ढिगात पडून राहिलं की ते आपलं आपण तापत जातं आणि पेट घेऊ शकतं. ही भीती घालणारी गोष्ट नाही, ड्रायरच्या माहितीपुस्तकांत लिहिलेली सूचना आहे, फक्त आपल्याकडे ती पुस्तकं वाचतो कोण! अशी कापडं गरम पाण्यात जास्त साबण घालून धुवा आणि दोरीवरच वाळवा. याच कारणाने ड्रायर मध्येच बंद करून गरम कपडे आत कोंबून ठेवू नका. शेवटची दहा मिनिटं तो कपडे गार करत असतो, त्याला ती करू द्या. घरातून बाहेर पडताना किंवा झोपताना चालू ठेवू नका. रेशीम, लोकर, जरीचं काहीही त्याच्या जवळपास नेऊ नका. शंका आली तर कपड्याच्या पट्टीवर चौकोनात गोल आहे का बघा. त्यावर फुली असेल तर नाही, एक ठिपका असेल तर कमी उष्णतेवर.

आणि सगळे कपडे रोज त्यात घालायचे असंही नाही. पंजाबी ड्रेस, नवऱ्याचे शर्ट दोरीवर अर्धवट वाळवून शेवटची वीस मिनिटं आत टाकले तरी इस्त्रीजोगे होतात आणि वीजही कमी लागते. श्रावणात तास-दोन तास ऊन पडतं तेव्हा बाल्कनीच्या खिडक्या उघडा, दांडी आहेच.

सासूबाईंचा विरोध यंत्राला आहे असं तुम्ही धरलं आहे. मला पत्रातून तसं वाटलं नाही. दिवसातून चार वेळा दोरीवरचे कपडे उलटसुलट करणं, पावसाचा अंदाज घेऊन चिमटे काढणं-लावणं, हे गेल्या पावसाळ्यात कोण करत होतं? तुम्ही नोकरीवर जाता असं लिहिलंय, नवराही. म्हणजे ते काम त्यांचंच असणार. मग ड्रायर कुठला घ्यायचा हे ठरवताना त्यांना न विचारता नणंदेला व्हॉट्सॲपवर विचारलं गेलं, तर 'आमचा ड्रायर होता की' हे येणारच. त्यांना घेऊन दुकानात जा. उभं राहून दार उघडता येतं का, वाकावं लागतं का, बटणांवरची अक्षरं दिसतात का, हे त्यांनाच बघू दे. दुपारी ते चालवणार त्या आहेत. पिळणीचा अनुभवही सांगू दे त्यांना विक्रेत्याला. त्याचंच ज्ञान वाढेल.

लव अडकते ती जाळी मात्र प्रत्येक खेपेनंतर साफ करावीच लागते, नाहीतर कपडे वाळायला वेळ लागतो आणि आगीचा धोका वाढतो. दोन मिनिटांचं काम आहे. साध्या ड्रायरचा आग्रह ज्याने धरला, त्या नवऱ्याकडे ते द्या, आणि महिन्यातून एकदा नळी सोडवून झटकायचं कामही. पहिल्या दिवशी जाळीवर हातभर जाड लव बघून तो तुम्हाला हाक मारून दाखवेल. आठव्या दिवशी तो विसरेल, तेव्हा आठवण करायची जबाबदारी सासऱ्यांची.